नवं हृदय बसवलं, मग आता पेसमेकर कशाला?

"मॅडम, ज्यांनी हृदय दिलं, त्यांचंच अधू होतं का हो?"

विचारताना त्या माऊलींनी आवाज इतका खाली आणला होता की शेजारी बसलेल्या मुलालाही ऐकू जाऊ नये. मुलगा पस्तिशीच्या आतला, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा. (ओळख कळू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत.) दोन वर्षं त्याचं पंपिंग कमी कमी होत गेलं, शेवटी पुण्याला हृदय प्रत्यारोपण झालं. सगळं नीट पार पडलं म्हणून घरच्यांनी देव पाण्यातून बाहेर काढले, आणि महिनाभरात तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पेसमेकर बसवावा लागेल. तो बसवून तो आता सोलापूरला घरी आला होता. डाव्या कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा चपटा उंचवटा, त्यावर बोटभर टाक्याची खूण.

त्या माऊलींना दोन गोष्टी आतून खात होत्या. एक, एवढं सगळं करून नवं हृदयही बिघडलं की काय. दुसरी, ज्या घराने आपलं माणूस जात असताना हृदय दिलं, त्यांच्या देण्याला आपण मनातल्या मनात नावं ठेवतोय की काय. दुसरीचा त्रास जास्त होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करते. प्रत्यारोपण आम्ही करत नाही, पण ते करून परत आलेला माणूस ताप आला, चक्कर आली, की आधी आमच्याकडेच येतो. त्या दिवशी ओपीडीच्या गर्दीत मी त्यांना जे घाईत सांगितलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

हृदयाची ताकद आणि हृदयाचा ठेका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताकद स्नायूची, ठेका विजेचा. स्नायू उत्तम असताना ठेका मंदावू शकतो. पेसमेकर ठेका देतो, त्याचा ताकदीशी संबंध नाही. म्हणून पेसमेकर लागला याचा अर्थ हृदय कमजोर निघालं, असा होत नाही.

ठेका येतो कुठून? हृदयाला चार कप्पे. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, जिथे डोक्याकडून आणि हातांकडून रक्त आणणारी मोठी शीर येऊन मिळते, तिथे पेशींचा एक छोटा पुंजका आहे. त्याला सायनस नोड म्हणतात. १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक या दोघांनी तो शोधला. लांबीला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर. या पेशींना कुणी हुकूम द्यावा लागत नाही. त्यांच्यात विजेचा भार आपोआप हळूहळू चढतो, एका पातळीला पोचला की ठिणगी पडते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. ती ठिणगी वरच्या दोन कप्प्यांत पसरते, मग मध्यावरच्या एव्ही नोड नावाच्या गाठीशी सेकंदाचा साधारण दहावा भाग थांबते, आणि तिथून खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत उतरते. तेवढ्या थांबण्यात वरचं रक्त खाली येऊन जातं. सगळं बरोबर क्रमाने झालं की एक ठोका.

मुलाला मी मागाच्या भाषेत सांगितलं. यंत्रमागाची मोटर त्या मागालाच लावलेली असते. माग उचलून दुसऱ्या शेडमध्ये नेला तरी मोटर बरोबर जाते. हृदयाचं तसंच आहे. ते दुसऱ्याच्या छातीतून काढलं, तरी आपली मोटर आपल्याबरोबर घेऊन येतं. म्हणून तर प्रत्यारोपण शक्य होतं. नव्या छातीत टाके घालून झाले, रक्त सोडलं, की ते स्वतःच्या ठेक्यावर सुरू होतं. कधी आपोआप, कधी एखादा शॉक देऊन.

पण एक गोष्ट बरोबर येत नाही. नसा.

आपल्या हृदयाला मेंदूकडून दोन प्रकारच्या नसा येतात. एक वेग वाढवणारी, एक वेग आवरणारी. आवरणाऱ्या नसेचं नाव व्हेगस. सायनस नोडला मोकळं सोडलं तर तो मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतो. आपण शांत बसलेलो असताना नाडी ७०-७२ लागते ती व्हेगसने लगाम ओढून धरलेला असतो म्हणून. दात्याच्या शरीरातून हृदय काढताना या नसा कापल्या जातात, आणि त्या पुन्हा जोडता येत नाहीत. रक्तवाहिनीला टाका घालता येतो, या धाग्यांना नाही. काही महिन्यांनी, काही वर्षांनी त्यातले थोडे धागे पुन्हा फुटतात, सगळे नाही आणि सगळ्यांना नाही.

त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्या माणसाची बसल्या जागची नाडी ९० ते ११० असते. हा रोग नाही. लगाम नसलेल्या हृदयाची ती स्वाभाविक चाल आहे. आमच्याकडे असा रुग्ण आला की नवखा डॉक्टर १०० ची नाडी पाहून गडबडतो, ताप शोधतो, थायरॉइड तपासायला पाठवतो. आणि याच्या उलट बाजू लक्षात घ्या, कारण पेसमेकरचा सगळा विषय तिथेच आहे. तुमच्या-माझ्या मनगटावर ६० ठोके लागले तर आम्ही म्हणू, छान आहे. पहिल्या काही महिन्यांत प्रत्यारोपित हृदयाचे ६० लागले, तर लगाम नसतानाही ते एवढं हळू चालतंय, म्हणजे त्याच्या मोटरलाच काहीतरी झालं आहे, असा विचार करावा लागतो.

हळू चाललं तर बिघडतं काय? साधा गुणाकार करू. एका ठोक्याला हृदय साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर ४,९०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास पाच लिटर. ठोके ४५ वर आले तर ३,१५० मिलिलिटर. धडधाकट माणसाचं हृदय अशा वेळी जास्त भरतं आणि एकेका ठोक्याला जास्त रक्त टाकून तूट भरून काढतं. पळणाऱ्या खेळाडूंची नाडी ५० असून त्यांचं काही अडत नाही ते यामुळे. प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत हृदयाचे स्नायू प्रवासाने आणि थंडाव्याने जरा ताठलेले असतात. त्यांना जास्त भरून घेणं जमत नाही. मग हिशोबात कमी-जास्त करायला एकच आकडा उरतो, ठोक्यांचा. म्हणूनच ऑपरेशननंतर लगेच डॉक्टर नाडी मुद्दाम ९० च्या वर ठेवतात.

आता ही मोटर मंदावते कशाने, याच्याकडे येते. इथे थोडं सावकाश जाऊ, कारण त्या माऊलींच्या प्रश्नाचं उत्तर याच भागात आहे.

हृदय दात्याच्या शरीरातून निघालं की त्याला रक्त मिळणं बंद होतं. थंड द्रावणात, बर्फाच्या पेटीत ते ठेवतात, आणि साधारण चार तासांच्या आत ते दुसऱ्या छातीत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. मूत्रपिंड याहून कितीतरी जास्त वेळ थांबू शकतं, हृदय थांबू शकत नाही. आपला जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या कक्षेत येतो. सोलापूर ते पुणे अंतर अडीचशे किलोमीटर. ग्रीन कॉरिडॉर केला, इंदापूर-भिगवण-यवत सगळीकडे पोलीस उभे राहिले, तरी रस्त्यानेच त्यातला मोठा वेळ जाणार. या चार तासांची किंमत आपल्या गावातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तर, या उपाशी तासांत स्नायू तग धरतो, पण सायनस नोडच्या पेशी नाजूक असतात. त्यांना तो काळ जास्त सोसावा लागतो. ऑपरेशननंतर त्या काही दिवस, काही आठवडे मलूल असतात.

दुसरं कारण टाक्यांचं. सायनस नोडला रक्त पुरवणारी धमनी बारीक, आणि ती नेमकी टाके घालायच्या जागेजवळून जाते. प्रत्येकात तिची वाटही थोडी निराळी. टाके कुठे येतात, यावर तिचं नशीब ठरतं.

टाक्यांच्या पद्धतीची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९६० मध्ये अमेरिकेत लोअर आणि शमवे या सर्जननी कुत्र्यांवर प्रयोग करून हृदय बदलण्याची पद्धत बसवली. तिच्यात रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांची मागची भिंत तशीच ठेवायची, आणि नवं हृदय त्या भिंतीला शिवायचं. टाके कमी कटकटीचे, वेळ कमी. याच वाटेने ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये ख्रिश्चन बर्नार्ड यांनी माणसातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी आपल्या देशातला पहिला प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला, पण त्या काळात, तेवढ्या साधनांवर ते धाडस करणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. यशस्वी शस्त्रक्रियेसाठी ३ ऑगस्ट १९९४ पर्यंत थांबावं लागलं. ती दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केली, अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला त्याच वर्षी.

तर त्या जुन्या पद्धतीत भिंतीबरोबर रुग्णाचा स्वतःचा जुना सायनस नोडही छातीतच राहतो. त्याच्या नसा शाबूत असतात. तो बिचारा पहिल्यासारखा ठिणग्या देत राहतो, फक्त त्या टाक्यांच्या रेषेशी येऊन विझतात. पलीकडच्या नव्या हृदयाला त्याचा पत्ताही नसतो.

हे मी एकदा स्वतः पाहिलं आहे. फार वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झालेला एक रुग्ण खोकल्यासाठी आला होता. ईसीजीची पट्टी लांब काढली. गुलाबी चौकटींच्या कागदावर प्रत्येक उंच टोकाच्या आधी एक छोटी टेकडी होती, जशी असायला हवी तशी. ती नव्या हृदयाची. पण तिच्या मधूनमधून आणखी एक, तिच्याहूनही बुटकी टेकडी चालली होती. कधी टोकाच्या आधी, कधी नंतर, कधी टोकाच्या अंगातच लपलेली. तिचा कुणाशी मेळ नव्हता. ती जुन्या हृदयाची. बोलता बोलता मी त्याला विचारलं की घरी मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं. यंत्र सुरूच होतं. त्या बुटक्या टेकड्या जवळ जवळ यायला लागल्या. मुलीचा विषय निघताच जुन्या नोडला नसांवाटे लगेच कळलं, तो धावायला लागला. नवं हृदय मात्र आपल्या जुन्याच चालीने चाललं होतं. काही मिनिटांनी, रक्तातून अॅड्रेनालिन पोचल्यावर, तेही थोडं जलद झालं. तो कागद मी बराच वेळ हातात धरून होते.

असो. १९९० नंतर दुसरी पद्धत रुळली. तिच्यात उजवीकडची जुनी भिंत ठेवतच नाहीत. वरची आणि खालची महाशीर थेट नव्या हृदयाला जोडतात. नव्या हृदयाचा उजवा वरचा कप्पा अखंड राहतो, सायनस नोडपासून टाके लांब राहतात. या बदलाचा फायदा आकड्यांत स्पष्ट दिसला. जुन्या पद्धतीत दहातल्या एकाला किंवा त्याहून जास्त रुग्णांना पुढे कायमचा पेसमेकर लागायचा, नव्या पद्धतीत शंभरातल्या मोजक्यांना लागतो. माझ्या मते या सगळ्या विषयात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. हृदयं तीच, दाते तसेच. सुई चार बोटं सरकली आणि कित्येकांचा पेसमेकर वाचला.

दात्याचं वय जास्त असलं तर नोड आधीच थोडा थकलेला असू शकतो, हे खरं. आणि कधी कधी कारण घेणाऱ्याच्या शरीरातच असतं. प्रत्यारोपणाआधी ठोके आटोक्यात ठेवायला अमिओडॅरोन नावाचं औषध बऱ्याच जणांना चालू असतं. ते शरीरातल्या चरबीत जाऊन बसतं आणि बंद केल्यावरही आठवडे-महिने हळूहळू रक्तात उतरत राहतं. नवं हृदय आल्यावर त्यालाही ते मिळतं, आणि त्याची चाल मंदावते. त्या माऊलींच्या मुलाच्या फायलीत हे औषध होतं. मी त्यांना ते पान दाखवलं. एकट्या त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही, पण दिलेलं हृदय अधू होतं असं म्हणायला काहीही आधार नव्हता. इको पाहिला, पंपिंग ६० टक्के. उत्तम.

"मग महिनाभर थांबले कशाला? लगेच का नाही बसवला?" हा पुढचा प्रश्न मुलाच्या बायकोचा. चांगला प्रश्न आहे.

कारण मलूल झालेला नोड बऱ्याचदा आपणहून सावरतो. ऑपरेशन संपवताना सर्जन हृदयाच्या पृष्ठभागावर बारीक वायरी लावून त्या त्वचेतून बाहेर काढून ठेवतात. त्यांना बाहेरचं छोटं यंत्र जोडून काही दिवस ठेका देता येतो. त्याबरोबर आयसोप्रिनालिनसारखं औषध शिरेतून देतात, ते नसांवर अवलंबून नसतं, थेट हृदयाला ढकलतं. पुढे काही ठिकाणी थिओफिलिनच्या गोळ्याही वापरतात, दम्याच्या जुन्या रुग्णांना हे नाव माहीत असेल. या आधारावर काही आठवडे काढायचे आणि नोड जागा होतो का पाहायचं. जागा झाला तर वायरी ओढून काढायच्या, विषय संपला. दोन-तीन आठवडे उलटूनही नाडी चढत नसेल, चालताना माणूस गळून जात असेल, भोवळ येत असेल, तर कायमच्या पेसमेकरचा विचार. फक्त श्रम केल्यावर नाडी वाढत नाही एवढीच तक्रार असेल तर डॉक्टर आणखी काही आठवडे थांबतात.

घाई न करण्याचं आणखी एक कारण आहे. नवं हृदय शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधं चालू असतात. ती प्रतिकारशक्ती दाबतात. अशा माणसाच्या अंगात बाहेरची वस्तू ठेवणं म्हणजे जंतूंना जागा देण्याचा धोका पत्करणं. पेसमेकर ठेवायला त्वचेखाली केलेल्या खिशात जंतुसंसर्ग झाला तर यंत्र आणि वायरी दोन्ही काढावं लागतं. म्हणून गरज नसताना बसवायचा नाही, आणि गरज आहे हे पटल्यावर टाळायचाही नाही.

पेसमेकर बसवणं हे मूळ ऑपरेशनच्या मानाने लहान काम. भूल त्या जागेपुरती. कॉलरबोनखालच्या शिरेतून एक किंवा दोन वायरी हृदयात सोडतात, टोक कप्प्याच्या भिंतीत रुतवतात, आणि दुसरं टोक त्वचेखालच्या यंत्राला जोडतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत ते बहुतेक वेळा डाव्या बाजूला बसवतात. कारण उजव्या मानेच्या शिरेतून वारंवार दुसरी एक तार आत जायची असते. तिला पुढे बारीक चिमटा असतो. त्याने हृदयाच्या आतल्या भिंतीचे मोहरीएवढे तुकडे घेऊन तपासतात, शरीर हृदयाला नाकारत तर नाही ना हे पाहायला. पहिल्या वर्षात अशी बायोप्सी पुष्कळदा होते. ती करणाऱ्या डॉक्टरला आत पेसमेकरची नवी वायर आहे हे माहीत असायलाच हवं, नाहीतर चिमट्याने ती हलू शकते.

यंत्राच्या आत एक छोटा सेन्सर असतो, मोबाइलमध्ये पावलं मोजणारा असतो तसाच. माणूस चालायला लागला, अंग हललं, की तो ठोके वाढवतो. ज्या हृदयाला नसांवाटे काही निरोपच येत नाही, त्याला हा निरोप्या फार उपयोगी पडतो. बॅटरी आठ-दहा वर्षं टिकते, मग फक्त यंत्र बदलतात, वायरी त्याच राहतात. १९५८ मध्ये स्टॉकहोममध्ये ज्या माणसाला जगातला पहिला आत बसवायचा पेसमेकर लावला, त्याचं यंत्र काही तासांतच बंद पडलं होतं. पुढे त्याने आयुष्यभरात वीसहून जास्त पेसमेकर बदलले आणि २००१ पर्यंत, म्हणजे ८६ वर्षांचा होईपर्यंत तो जगला.

इथवरचं सगळं पहिल्या काही महिन्यांतल्या पेसमेकरबद्दल होतं. आता जे लिहिते ते प्रत्यारोपण झालेल्या प्रत्येक घराने नीट वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत्यारोपणाला दोन वर्षं, पाच वर्षं, दहा वर्षं झाली. सगळं छान चाललं आहे. आणि अचानक नाडी ४० झाली, चक्कर आली, माणूस कोसळला. ही गोष्ट पहिल्या महिन्यातल्या मंद नाडीसारखी समजू नका. यामागे दोन मोठी कारणं असू शकतात. शरीराने हृदयाला नाकारायला सुरुवात केली असेल, किंवा नव्या हृदयाच्या धमन्या हळूहळू आतून जाड होऊन बंद होत असतील. आणि दुसरं कारण फार मुकाट्याने येतं. आपल्याला धमनी तुंबली की छातीत दुखतं, कारण दुखण्याची खबर नसा नेतात. इथे नसाच नाहीत. त्यामुळे अशा माणसाला हार्ट अटॅक येऊनही छातीत दुखेलच असं नाही. दम लागतो, पायाला सूज येते, भोवळ येते, कधी ठोक्यांचाच घोळ होतो. अशा वेळी इथेच घाईने पेसमेकर बसवून 'आता बरं आहे' म्हणून घरी सोडणं ही मोठी चूक ठरू शकते. तात्पुरता ठेका देऊन जीव सांभाळायचा, आणि त्याच वेळी प्रत्यारोपण केंद्राला फोन लावायचा. बायोप्सी आणि अँजिओग्राफी कधी करायची, हे ते ठरवतील.

फोनवरून मला आठवलं. माझ्या परिचयातल्या एका घराने प्रत्यारोपणाची गोष्ट गावातल्या दवाखान्यात सांगितलीच नव्हती. छातीवर एवढी मोठी खूण, तरी म्हणाले, बायपास झाली आहे. लोक काय म्हणतील, मुलीच्या सासरी काय वाटेल. रात्री नाडी मंदावली, तिथल्या डॉक्टरने रीतसर अॅट्रोपिनचं इंजेक्शन दिलं. मंद नाडीला ते पहिलं औषध, आम्ही सगळे तेच देतो. पण अॅट्रोपिन काम करतं ते व्हेगसचा लगाम सोडवून. जिथे लगामच नाही तिथे ते काय सोडवणार? अर्धा तास गेला. पुढे सगळं निभावलं, पण तो अर्धा तास वाचला असता. याच्या उलट, ठोके फार वाढले की देतात ते अॅडेनोसिन प्रत्यारोपित हृदयाला जरुरीपेक्षा जास्त लागू पडतं, ते फार कमी मात्रेत आणि सावधपणे द्यावं लागतं. त्या डॉक्टरची चूक नव्हती, त्याला सांगितलंच नव्हतं. लाजू नका. सिव्हिलला जा, खासगीत जा, गावच्या आरोग्य केंद्रात जा, पहिलं वाक्य हेच असू द्या: "याचं हृदय प्रत्यारोपण झालंय." आणि जुना ईसीजी बरोबर न्या, विशेषतः दोन टेकड्यांवाला असेल तर. नाहीतर त्यालाच कुणी हार्ट ब्लॉक, म्हणजे ठिणगी वाटेतच अडल्याचा आजार, समजायचं.

घरातल्या शंका बहुतेक वेळा साध्या असतात. मोबाइल वापरा, फक्त यंत्राच्या बाजूच्या खिशात ठेवू नका, उजव्या कानाला लावा. मिक्सर, पंखा, टीव्हीला काही हरकत नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन हात लांब उभं राहा. पंढरपूरला, तुळजापूरला, अक्कलकोटला दारात मेटल डिटेक्टरची कमान असते, तिच्यातून सरळ चालत जा, तिच्याखाली रेंगाळू नका, आणि हातातलं डिटेक्टर छातीवर फिरवायला आले तर पेसमेकरचं कार्ड दाखवा. ते कार्ड पाकिटातच असू द्या. एमआरआय सांगितला तर आधी पेसमेकर कुठल्या प्रकारचा आहे ते विचारायला लावा, आताचे बरेचसे चालतात. वेल्डिंगचं काम मात्र नको. आणि गोळ्यांच्या बाबतीत एक: ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातकुळीतलं पपनस खाऊ नका, त्याने टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण चढतं. मोसंबीबद्दल मला बरेच जण विचारतात, ते आपल्या केंद्राला विचारूनच ठरवा.

मुलाला स्वतःला एकच विचारायचं होतं. मागावर परत जाता येईल का? मागाच्या मोटरने पेसमेकरला काही होत नाही, उघड्या मोटरवर वाकून काम करू नये एवढंच. माझी काळजी दुसरी होती, धुळीची. टॉवेलच्या कारखान्यात कापसाची तूस हवेत तरंगत असते, बारा तासांची पाळी असते, आणि प्रतिकारशक्ती दाबलेल्या फुप्फुसांना ती परवडत नाही. पहिलं वर्ष तरी नको, पुढे बघू, असं मी सांगितलं. मालकाने त्याला ऑफिसात गाठी मोजून लिहायचं काम द्यायचं कबूल केलं होतं. ते मला बरं वाटलं.

व्यायामाचं मात्र त्याला शिकवावं लागलं. नसा नसल्याने हृदय उशिरा तापतं आणि उशिरा थंडावतं. सिद्धेश्वर तलावाकाठी फिरायला जायचं तर पहिली दहा मिनिटं रमतगमत, मग वेग, आणि शेवटची दहा मिनिटं पुन्हा रमतगमत. धावत जाऊन एकदम खाली बसायचं नाही. पेसमेकरचा सेन्सर मदत करतो, पण रक्तातल्या अॅड्रेनालिनला पोचायला वेळ लागतोच.

पुढच्या भेटीला मी त्या माऊलींनाच नाडी पाहायला बसवलं. घरात रोज मोजणारं कुणीतरी हवं, आणि त्यांच्याइतकं मन लावून दुसरं कोण मोजणार? अंगठ्याच्या खालच्या खोबणीत तीन बोटं कशी ठेवायची, दाब किती द्यायचा, घड्याळाचे पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. आधी त्यांना नाडी सापडेना. मग सापडली, तेव्हा त्यांनी बोटं क्षणभर उचलली आणि पुन्हा ठेवली. ओठ हलत होते.

"बावीस."

"बावीस चोक?"

"अठ्ठ्याऐंशी," त्या लगेच म्हणाल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, पाढे तोंडपाठ.

मुलाला मी दोन जिने सावकाश चढून यायला सांगितलं. तो परत आला, खुर्चीत टेकला, त्याने न सांगता हात पुढे केला. त्यांनी डोळे मिटून मोजलं. पंधरा सेकंद झाले म्हणून मी हात वर केला, तरी त्यांनी बोटं काढली नाहीत.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "सव्वीस चोक एकशे चार."